डच चित्रांतले म्हातारपण आणि दारिद्र्य कसे पाहावे

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात युरोपीय तैलचित्रांचे दालन आहे, त्यामुळे अशा चित्रासमोर कुठे आणि किती अंतरावर उभे राहावे, याचा सराव इथल्या माणसाला सहज करता येतो. पुढे उल्लेखिलेली चित्रे मात्र परदेशातल्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर पाहावीत, आणि तीही मोबाइलऐवजी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर.

सर्वप्रथम म्हातारपण आणि दारिद्र्य या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. डच चित्रकार निकोलास मास याने सुमारे 1656 मध्ये रंगवलेली प्रार्थना करणारी वृद्धा एकटी आहे, पण तिच्यासमोरच्या मेजावर पाव आहे, मासा आहे आणि खालून एक मांजर मेजपोस ओढते आहे. जिच्या घरात मांजराने डोळा ठेवावा असे जेवण आहे, तिला गरीब म्हणण्यापूर्वी थांबावे. सुरकुत्या दिसताच हळहळण्याची सवय आपल्याला फार आहे. ती आधी बाजूला ठेवावी.

भिकाऱ्यांसाठी डच चित्रकार रेम्ब्रांटची मुद्राचित्रे, म्हणजे पत्र्यावर रेषा खोदून कागदावर छापलेली चित्रे, घ्यावीत. 1648 च्या एका चित्रात भिकाऱ्यांचे कुटुंब एका दाराशी आले असून आतला वृद्ध गृहस्थ अर्ध्या दारावरून बाईच्या हातात नाणे ठेवतो आहे. इथे चेहऱ्यांआधी हात पाहावेत, मग बंद असलेला दाराचा खालचा भाग पाहावा, कारण देणारा आणि घेणारे यांच्यामधली हद्द त्यानेच आखली आहे. बाईच्या पाठीवर मूल आहे, सोबत वाद्य घेतलेला आंधळा म्हातारा आहे. मदत मिळाली तरी आत बोलावणे नाही. त्याआधी 1630 मध्ये रेम्ब्रांटने उंचवट्यावर बसलेल्या एका भिकाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिला होता, तेही शेजारी ठेवून पाहावे. तांब्याच्या पत्र्यावर रेषा आम्लाने कशी खोदली जाते हे समजायचे असल्यास बडोद्याच्या फाइन आर्ट्स महाविद्यालयाच्या मुद्राचित्रण विभागातल्या ओळखीच्या विद्यार्थ्याला विचारावे. फाटक्या कपड्याची तुटक रेषा त्यानंतर वेगळीच दिसू लागते.

यानंतर चित्रात कोण नाही, हे विचारावे. चित्रकार फ्रान्स हाल्सने 1664 च्या सुमारास हार्लेम या डच शहरातल्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक स्त्रिया रंगवल्या. ज्यांच्यासाठी तो आश्रम होता, ते म्हातारे त्या चित्रात कुठेच नाहीत. हाल्स स्वतः तेव्हा ऐंशीच्या घरात होता आणि नगरपालिकेच्या मदतीवर जगत होता. तो आश्रमवासी असल्याची कथा मात्र खरी धरू नये.

शेवटी व्हॅन गॉगची जोडी पाहावी. 1882 मध्ये हेगच्या वृद्धाश्रमातला एक म्हातारा त्याच्यासाठी बसत असे. मुठींत तोंड झाकून खुर्चीवर वाकलेल्या त्याच आकृतीवरून व्हॅन गॉगने त्या वर्षी शिळाछाप (दगडावर रेखाटून कागदावर छापलेले चित्र) केली आणि 1890 मध्ये फ्रान्समधल्या सेंट रेमी इथे तैलचित्र रंगवले. शिळाछापेतली काळी रेषा आणि तैलचित्रातला निळा सदरा एकाच पडद्यावर समोरासमोर लावावेत, आणि तुलना मुठींपासून सुरू करून बुटांपर्यंत न्यावी.