चावऱ्या भटक्या कुत्र्याची तक्रार कशी करावी

नाशिकमधील सिडको किंवा पंचवटीच्या गल्लीत कुत्रे अंगावर आल्यास पळू नये. नजर न भिडवता, पिशवी पुढे धरून हळूहळू मागे सरकावे. चावल्यास, ओरखडा किरकोळ दिसला तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी (हळद-चुना मुळीच लावू नये) आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस सुरू करावी.

मग महानगरपालिकेकडे लेखी तक्रार द्यावी. केंद्र सरकारच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्रे त्याच भागात सोडले जाते. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशाने रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री त्यातून वगळली असल्याने, ‘कुत्री फार झाली’ असे मोघम न लिहिता चाव्यांच्या तारखा, ठिकाण, छायाचित्र आणि उपचाराचे कागद जोडावेत.