कांदा महागला की आधी लासलगावचा भाव बघा

कोपरखैरण्यात मी घरगुती डबे देते, रोजचे साठ. आठवड्याला कांद्याची एक गोणी लागतेच. माहेर निफाड तालुक्यातलं, भावाची कांदा साठवायची कांदाचाळ आहे. म्हणजे भाव चढला की इकडे माझं पोट दुखतं आणि पडला की तिकडे त्याचं. सोसायटीतल्या बायका विचारतात, "कांदा एवढा का हो वाढला?" ते कसं शोधायचं, ते सांगते.

लासलगाव म्हणजे नाशिक जिल्ह्यातला कांद्याचा मोठा बाजार. तिथला त्या दिवशीचा सरासरी भाव बघायचा. कमाल नको. बातमीत तोच झळकतो, पण त्या भावाने दोन-चार ट्रॉल्याच गेलेल्या असतात. भाव क्विंटलचा असतो, तेव्हा शेवटची दोन शून्यं काढायची. २,००० म्हणजे किलोला २० रुपये. बारदान, हमाली, गाडीभाडं, अडत, घट असं सगळं मिळून वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटपर्यंत मी पाच-सहा रुपये धरते, आणि आमच्या सेक्टरच्या हातगाडीवर आणखी दहा. झाले पस्तीस-छत्तीस. लासलगावला २० आणि हातगाडीवर ५० असेल, तर माल मधेच कुठेतरी अडलाय. घाटात पाऊस, कुणाचा तरी संप, सणाच्या सुट्ट्या, नाहीतर कुणी माल दाबून बसलंय. लासलगावलाच ४० असेल, तर मालच नाही.

मग महिना बघा. उन्हाळी कांदा मार्च ते मे निघतो आणि चाळीत जातो. खरिपाचा लाल कांदा येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, सगळ्यांना तोच पुरवायचा असतो. सप्टेंबरात भावाच्या चाळीत शिरलं की आधी वास येतो. वरचा थर टणक, कोरडा. मधे हात घातला की बोटं ओली होतात, काळी बुरशी लागते, कुठे बोटभर कोंब. "ताई, शंभर क्विंटल भरले तर सत्तर हाती लागतील," असं तो भरतानाच म्हणतो. त्यात परतीच्या पावसाने लाल कांदा शेतातच सडवला, की भाव भडकलाच समजा.

एवढं कळलं की सरकार करतंय ते कामाचं आहे का, तेही कळतं. माल दाबलेला असेल तर साठ्यावर मर्यादा घालावी. २०१९च्या सप्टेंबरात तशी घातली होती, घाऊकला ५०० क्विंटल आणि किरकोळला १००. पण मालच नसेल तर गोदामात शिरून काय सापडणार? तिथे आधीच घेऊन ठेवलेला कांदा लागतो. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था सरकारसाठी उन्हाळी कांदा विकत घेऊन ठेवतात आणि टंचाईत बाजारात सोडतात. २०२३ला हा साठा ३ लाख टनांवरून ५ लाखांवर न्यायचं ठरलं, आणि ग्राहकाला २५ रुपये किलोने कांदा दिला. २०२४च्या सप्टेंबरात ३५ने. मला हाच उपाय त्यातल्या त्यात बरा वाटतो, पण सोडायचा तो सप्टेंबरातच. लाल कांद्याच्या ट्रॉल्या लागल्यावर सोडला तर शेतकरी मेला.

निर्यातीचं मात्र डोकं फिरवणारं आहे. १९ ऑगस्ट २०२३ला ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली, ती उघडली थेट ४ मे २०२४ला. डिसेंबरात नवा लाल कांदा येतच होता, भाव उतरणारच होता. मला गोणी स्वस्त पडली. भावाने दोन दिवस माझा फोन उचलला नाही.

तेलाला यातलं काही चालत नाही. आपलं अर्ध्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, पाम तर इंडोनेशिया-मलेशियाचं. म्हणून तेलासाठी आपल्याकडच्या आयातशुल्काची बातमी बघायची. २०२४च्या सप्टेंबरात कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण शुल्क (मूळ शुल्क अधिक उपकर-अधिभार) ५.५ वरून २७.५ टक्के केलं. सोयाबीनवाल्या शेतकऱ्यासाठी केलं, ते ठीक, पण ऐन दिवाळीच्या तोंडावर. बातमी ऐकली त्याच संध्याकाळी मी १५ किलोचे दोन डबे आणून ठेवले. ३० मे २०२५ला त्यातलं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं, तेव्हा आठवडाभर थांबले. शुल्क वाढलं की दुकानात लगेच कळतं, उतरलं की दुकानदाराकडे "जुना स्टॉक" असतो.

कांद्याचा साठा मात्र करू नका, फ्लॅटमध्ये तो टिकत नाही. भाव चढलेला असताना मी कोशिंबीर बंद करते आणि रश्शात भाजलेलं सुकं खोबरं वाढवते. गोणी घेताना वरचे कांदे बघून फसायचं नाही. एका गाळ्यावर मी फसले आहे, खाली निम्मे ओले निघाले. आता गोणी तिथेच आडवी करायला लावते, तळातले चार कांदे काढून मानेशी अंगठा दाबते. मान मऊ लागली की पुढचा गाळा.