जुनी गाडी मिसिंग मारतेय? कार्बोरेटर खोलायच्या आधी हे बघा

जुनी गाडी झटके मारायला लागली की पहिला हात जातो तो कार्बोरेटरवर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागावर. मीही तेच केलं होतं. माझी गाडी दहा-पंधरा किलोमीटर मस्त पळायची, मग दम लागल्यासारखी व्हायची आणि बंद, अर्धा तास उभी ठेवली की परत पहिल्या सेल्फला चालू. दोनदा कार्बोरेटर खोलला, जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) साफ केले, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंपसुद्धा बदलला, काहीच फरक नाही. शेवटी एकदा बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत ओढली गेली. झाकणातलं बारीक छिद्र बुजलं होतं, पेट्रोल कमी होईल तशी टाकीत हवा यायला वाटच नव्हती, मग पंप ओढणार कसा? तेव्हापासून माझा एकच आग्रह असतो, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

सुरुवात पाना हातात न घेता करायची. गाडी नेमकी कधी त्रास देते ते कागदावर लिहा, म्हणजे थंड असताना की गरम झाल्यावर, स्लोवर (नुसती उभी चालू असताना) की चढावर, एकदम रेस दिल्यावर की एका स्पीडला चालताना. ह्या चार ओळींतच अर्धं उत्तर असतं. धूरही बघा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, आणि इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक ह्यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ येतेच, तिला घाबरू नका.

काम मोकळ्या हवेत करा, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. पेट्रोलचं काम आणि करंटचं काम एकाच वेळी करायचं नाही, ह्यात मी कुणालाच सूट देत नाही.

आता करंट, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी वीज. पेट्रोलचा वाटणारा बराचसा त्रास खरंतर करंटचा निघतो. सगळे प्लग काढा आणि कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवा. टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त, ओलं आणि तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय, पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन जास्त तापतंय. चारही प्लग सारखेच काळे असतील तर दोष सगळ्यांना सामाईक अशा भागात आहे, एकच वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरपुरता. मग डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप काढून उजेडात बघा, आत केसासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट तिथून पळतोय. पॉइंटवाली गाडी (डिस्ट्रिब्युटरमध्ये करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट असलेली) असेल तर पॉइंट जळलेत का बघून फीलर गेजने (बारीक पत्र्यांच्या मापाने) गॅप तपासा, बऱ्याच गाड्यांना ०.४ मिमीच्या आसपास लागतो पण आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच आकडा धरा. नवीन पॉइंटही लगेच जळत असतील तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा भाग) बदला.

गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) आणि व्हेपर लॉक ह्यांची कायम गल्लत होते. कॉइल तापली की करंट सोडून देते, व्हेपर लॉकमध्ये पाइपातलं पेट्रोल उकळून वाफ होते, आणि दोन्हीत गाडी थंड झाली की सुरू होते. ओळखायचं असेल तर बंद पडल्या क्षणीच तपासायला हवं. स्पार्क टेस्टर लावून सेल्फ मारा. ठिणगी नाही तर कॉइलकडे जा. ठिणगी चांगली असेल तर पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं ठेवा, पाच-दहा मिनिटांत गाडी सुरू झाली तर पाइप सायलेन्सरच्या फार जवळून गेलाय का ते बघा.

पेट्रोल येतंय का हे बघायचा सोपा उपाय आहे. इंजिन बंद, एअर फिल्टर काढलेला, कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारा आणि हाताने थ्रॉटल (रेस दिल्यावर उघडणारी झडप) झटकन उघडा. आत पेट्रोलची बारीक, सरळ धार उडताना दिसली पाहिजे. धार आली म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या फ्लोटच्या भांड्यात पेट्रोल आहे. नाही आली तर भांडं रिकामं आहे नाहीतर कार्बोरेटरमधला छोटा पंप गेलाय. मग मागे मागे जायचं: फिल्टर, पंप, पाइप, टाकी. फिल्टरमध्ये लालसर पूड दिसली तर टाकी आतून गंजलीय, नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. रबरी पाइप दाबून, वाकवून बघा, इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं रबर मऊ पडतं, तडकतं. आणि डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि लेव्हल वाढलेली असेल तर मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटला असण्याची शक्यता मोठी, अशा वेळी गाडी अजिबात चालू करू नका, पंप आणि ऑइल दोन्ही बदला.

इंजेक्शनवाली (कार्बोरेटर नसलेली) जुनी गाडी असेल तर चावी फिरवल्यावर टाकीकडून दोन सेकंद पंपाचा घुंईई असा आवाज येतो का ऐका. तिच्या लाइनमध्ये प्रेशर खूप असतं, पाइप असाच उपटायचा नाही.

हवा चोरून आत जातेय का तेही बघा. स्लोवर थरथरते पण रेस दिली की बरी चालते, असं असेल तर व्हॅक्यूमचे पाइप (इंजिनच्या ओढीवर चालणाऱ्या बारीक नळ्या) आणि मॅनिफोल्डचं (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या भागाचं) गॅस्केट तपासा. गरम इंजिनवर चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) थोडा ओढून बघा, गाडी सुधारली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, बिघडली तर आधीच जास्त आहे.

एवढं करूनही एक सिलिंडर मेलेलाच वाटला तर कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून, सेल्फ मारून सिलिंडरमधला दाब मोजा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद केलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा. समजा १४०, १३८, ९५, १४२ पीएसआय आले, तर ९५ वाल्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चांगला वाढला तर पिस्टनची रिंग झिजलीय, नाही वाढला तर व्हॉल्व्हमध्ये दोष. शेजारशेजारचे दोन्ही कमी आले तर हेड गॅस्केट.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच कार्बोरेटर खोला. मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) आधी हलक्या हाताने पूर्ण बंद होईपर्यंत फिरवा, किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा म्हणजे परत तिथेच आणता येईल, जोर लावला तर त्याचं टोक खराब होतं. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर मारा, हवा मारा आणि जेट उजेडासमोर धरून आरपार गोल दिसतंय का बघा.