जीभ, जिभ आणि लाल गोल

प्राथमिक वर्गांना लेखन शिकवायला लागून मला बारा वर्षे झाली. त्यांपैकी पहिली चार वर्षे मी लेखन शिकवत नव्हते, नुसते तपासत होते, हे कबूल करणे आजही जड जाते. त्या काळात एकही प्रशिक्षण मी चुकवले नाही आणि प्रमाणपत्रांची फाईल चांगली जाड झाली. पण त्यांतल्या एकाही प्रशिक्षणात मला स्वतःला चार ओळी लिहायला कोणी बसवले नव्हते.

तिसरीतल्या एका मुलीने दात पडल्याचा प्रसंग अकरा ओळींत लिहिला होता. त्यात ‘माझी जिभ सारखी तिथेच जाते’ असे एक वाक्य होते. मी ‘जिभ’भोवती लाल गोल काढला, शेजारी ‘जीभ’ लिहिले आणि पुढच्या ओळीकडे वळले. ‘जीभ’ दीर्घ, पण ‘जिभेला’ ऱ्हस्व, हा नियम मला तोंडपाठ होता. वाक्य मात्र मी वाचलेच नव्हते. त्या पानावर एकूण चौदा गोल झाले. पुढच्या खेपेस तिने मांजरावर चार ओळी लिहिल्या आणि त्या चारही बिनचूक होत्या. त्यांखाली मी ‘उत्तम सुधारणा’ असा शेरा दिला.

हाच तो सापळा, आणि तो प्रगतीच्या वेशात येतो म्हणून त्याविषयी सविस्तर सांगते. या वयाच्या मुलाचे बरेचसे लक्ष अक्षर वळवण्यात आणि जोडाक्षर आठवण्यातच खर्च होते. सांगायच्या गोष्टीसाठी उरते ते थोडे. पहिल्याच खर्ड्यावर प्रत्येक चूक दाखवली, की मूल नियम शिकत नाही, ते चुकू शकणारा शब्दच टाळायला शिकते. मग वही स्वच्छ होत जाते, लेखन आक्रसत जाते आणि आपण खूश असतो. याचा अर्थ शुद्धलेखन सोडून द्यावे असा मुळीच नाही. त्याला वेगळा, नियमित वेळ द्यावा. पण लेखनात आधी आशय, मग पुनर्लेखन आणि शेवटी शुद्धलेखन हा क्रम ठेवावा, आणि शेवटच्या टप्प्यातही एका वेळी एकाच प्रकारच्या चुकांवर काम करावे.

हे मला व्याख्यानातून कळले नाही. एका कार्यशाळेत आजारपणातल्या एका रात्रीविषयी मी लिहिले, जोडीदार शिक्षिकेने ते वाचले आणि ‘इथे अनुस्वार राहिला आहे’ एवढेच म्हटले. त्या दिवशी मी पुढे एक ओळही लिहू शकले नाही. शिक्षकाने स्वतः लिहावे आणि शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवावे, ही कल्पना काही नवी नाही. जेम्स ग्रे यांनी १९७४ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू केलेला आणि पुढे ‘नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट’ म्हणून वाढलेला उपक्रम याच पायावर उभा आहे.

मार्गदर्शक निवडताना माझा आग्रह एकच आहे: जो तुमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसेल, तोच मार्गदर्शक. तयार कार्यपत्रिकांचा गठ्ठा हाती देणारा माणूस कितीही प्रेमळ असला तरी तो तुमचे काम वाचवतो, तुम्हाला शिकवत नाही. नमुना निबंध फळ्यावर उतरवून देण्याचा सोपा मार्ग तर मला फसवणूकच वाटतो. त्यापेक्षा दोन-तीन सहकाऱ्यांनी पंधरवड्यातून एकदा प्रत्येकी एक वही घेऊन बसावे आणि ‘या मुलाला काय सांगायचे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पेन हातात घेऊ नये. सुरुवातीला हे अवघडल्यासारखे होईल, गप्पांतच वेळ जाईल. त्याने खचू नका, आमचेही पहिले काही महिने तसेच गेले.

एक अडचण मात्र नक्की येईल. न तपासल्यासारखी दिसणारी वही पाहून पालक आणि मुख्याध्यापक जाब विचारतील. मी पानाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख घालून ‘पहिला खर्डा’ असे लिहू लागले आणि पालकसभेत एकाच मुलाचे तिन्ही खर्डे शेजारी शेजारी मांडू लागले, तेव्हापासून ते प्रश्न पुष्कळ कमी झाले.