अलास्काला छोट्या जहाजाने जाताय? या चुका टाळा

गेल्या जूनमध्ये आम्ही नवरा-बायको अलास्काला जाऊन आलो. तेव्हापासून रंकाळ्यावर फिरायला गेलं की कोणीतरी गाठतंच. "खर्च किती आला? अस्वल दिसलं का?" खर्चाचं उत्तर मी चारचौघांत देत नाही. अस्वलं दिसली, पाच. पण काय चुकलं, हे कोणी विचारत नाही, आणि सांगण्यासारखं खरं तेच आहे.

आम्ही गेलो ते तीन-चार हजार माणसांचं, पोहण्याचा तलाव असलेलं जहाज नव्हे. साठच्या आत प्रवासी, लिफ्ट नाही, डॉक्टरही नाही. ज्युनोहून निघून आठवडाभर बेटांमधल्या पाण्यातून हिंडायचं आणि दिवसातून दोनदा रबरी बोटीत बसून देवमासे, सील, हिमनद्या बघायच्या किंवा किनाऱ्यावर उतरायचं. गुडघे कुरकुरत असतील तर जिन्यांची चौकशी आधी करा. विमा घेताना आजारी माणसाला हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च त्यात धरलाय का, तेही बघा.

आधी पैसे, मग व्हिसा

लवकर बुकिंगची सवलत बघून आम्ही रक्कम भरली आणि मग अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख शोधायला बसलो. मुंबईत लवकरची तारीख मिळेना, शेवटी हैदराबाद गाठलं. तोवर पैसे परत मिळण्याची मुदत उलटून गेली होती. व्हिसा मिळाला म्हणून निभावलं. तुम्ही आधी व्हिसा हातात घ्या. जहाज व्हँकुव्हरहून सुटणार असेल तर कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो.

दुसरं, जहाज सुटण्याच्या दिवशीच ज्युनोला उतरू नका. अलास्काची राजधानी असली तरी या गावाला बाहेरून एकही रस्ता येत नाही, विमान नाहीतर बोट. ही गाडी चुकली तर मागची धरू, हा आपला एसटी स्टँडवरचा हिशेब तिथे लागू नाही. आमच्या जहाजावरच्या एका जोडप्याच्या बॅगा एक दिवस उशिरा आल्या. तोवर जहाज निघून गेलं होतं. बिचाऱ्यांनी सगळा आठवडा उसन्या कपड्यांत काढला. दोन दिवस आधी पोचा. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागे असतं, त्यामुळे झोपही तेवढ्यात मार्गी लागते.

"आम्हाला पाऊस नका शिकवू"

ही माझी स्वतःची चूक. अलास्कातल्या केचिकन गावाला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो असं वाचलं आणि हसलो. आमच्या गगनबावड्याला त्याहून जास्त पडतो! म्हणून जीन्स, सुती शर्ट, वर जाड जर्किन आणि एक छत्री घेतली.

गगनबावड्यात भिजलं तर माणूस कपडे बदलून कांदाभजी खातो. तिथे जूनमध्येही दहा-बारा अंश तापमान, पाऊस आडवा, आणि उघड्या रबरी बोटीत दोन तास बसायचं. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. जीन्स एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. छत्री तर बोटीत उघडूच देत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी एवढा कुडकुडलो की देवमासा कुठल्या बाजूला आला हेसुद्धा कळलं नाही.

अंगालगत पातळ लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर, त्यावर फ्लीस म्हणजे मऊ, उबदार कापडाचं जर्किन, सगळ्यात वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि तशीच पँट. पँट गमबुटाच्या बाहेरून सोडायची. आत खोचली की बुटाची बादली होते. गमबूट बरीच जहाजं देतात, आधी विचारून घ्या. हातमोज्यांचे दोन जोड न्या.

बोटीत चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. खलाशी हात पुढे करतो तेव्हा त्याचा पंजा न धरता मनगटाच्या वरून धरायचं, तोही तुम्हाला तसंच धरतो. ओल्या हाताची पकड मग सुटत नाही. आपण उडी मारायला बघतो. उडी नाही, एक पाऊल टाका आणि लगेच बसा.

"आजचा पॉइंट कोणता?"

महाबळेश्वरच्या सवयीने आम्ही रोज सकाळी हेच विचारायचो. छापील कार्यक्रम हातात होता, पण कप्तान तो वारा, भरती-ओहोटी आणि जनावरं बघून बदलत होता. त्या भागात मोठ्या भरती-ओहोटीला पाणी सहा मीटरपर्यंत वर-खाली होतं, त्यामुळे सकाळी मोकळा असलेला किनारा दुपारी गायब. तिसऱ्या दिवशी ठरलेलं गाव रद्द झालं म्हणून आमच्यातले दोघे चिडले. त्याच संध्याकाळी सात-आठ हंपबॅक देवमाशांनी मिळून पाण्याखाली बुडबुड्यांचं गोल जाळं केलं, हेरिंग मासळी त्यात कोंडली आणि सगळे एकदम जबडे उघडून वर आले. चिडलेले दोघे तेव्हा केबिनमध्ये झोपले होते. देवमासे शोधायचे तर आधी घिरट्या घालणारे पक्षी शोधा. आणि "अजून जवळ घ्या की" म्हणून बोटवाल्याच्या मागे लागू नका. हंपबॅकपासून 100 यार्ड लांब राहणं हा तिथला कायदा आहे.

हिमनदीसमोरही असाच घोळ होतो. धडाम आवाज आला की आपण मान वळवतो, पण एक किलोमीटरवरून आवाज यायला तीन सेकंद लागतात, तोवर बर्फ पाण्यात पडून गेलेला असतो. कॅमेऱ्यातून डोकं काढा आणि बर्फाच्या कड्यावर नजर ठेवून बसा.

पोटाचं

बराचसा मार्ग बेटांच्या आडोशाने जातो, पण मोठ्या सामुद्रधुन्या ओलांडताना जहाज हलतं. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उपयोगाची नसते, ती तास-दोन तास आधी घ्यायची, डॉक्टरांना विचारून, कारण झोप येते. केबिन मध्यावरची आणि खालची मागा. करूळ घाटात एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेल्याला कारण समजावून सांगायला नको.

जेवणाचं आधीच लिहून कळवा. नुसतं 'जैन' लिहिलं तर तिथे कोणाला कळणार नाही. कांदा, लसूण, बटाटा नको, असं एकेक नाव लिहा. आम्ही कांदा-लसूण चटणीवर आठवडा काढला. विमानतळावर खाण्याच्या वस्तू जाहीर करा, मटणाचं काही नेऊ नका.

एक मात्र लक्षात ठेवा, किनाऱ्यावर उतरताना खिशात खाऊ ठेवायचा नाही. ॲडमिरल्टी बेटावर दर चौरस मैलाला सरासरी एक तपकिरी अस्वल आहे आणि त्याच्या नाकापुढे आपलं काही चालत नाही. माणसाकडे खायला मिळतं हे अस्वलाला एकदा कळलं की पुढे त्याच्याच जिवावर बेततं. उतरण्याआधी गाइडने सगळ्यांना खिसे तपासायला सांगितले, तेव्हा बायकोच्या जॅकेटमधून जयसिंगपूरच्या भडंगाची पुडी निघाली. पुडी जहाजावर ठेवून गेलो आणि चार तासांनी परत आलो, तर भडंग पार सादळलेलं. न्यायचंच असेल तर हवाबंद डब्यात न्या.