वेबसाइटवर ऑनलाइन पैसे घेताना या चुका टाळा

कोल्हापुरातील लहान व्यावसायिकांना वेबसाइट उभारून देण्याचे काम मी करतो. चपला, गूळ, कांदा-लसूण चटणी, हुपरीचे चांदीचे दागिने विकणारी ही मंडळी मालाच्या बाबतीत कमालीची चोखंदळ असतात. पण पैसे कसे घ्यायचे हा विषय निघाला की 'कमिशन किती?' एवढेच विचारून मोकळी होतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे. खात्यात आलेले पैसे कोणत्या ऑर्डरचे आहेत, हे ग्राहकाला न विचारता आपल्याला कळणार आहे का? ज्या पद्धतीत याचे उत्तर 'नाही' असे येते, ती फुकट असली तरी महाग पडते.

क्यूआरचे चित्र लावणे आणि स्क्रीनशॉट मागवणे

ही चूक मला सर्वांत जास्त वेळा दिसते. दुकानात क्यूआर कोड उत्तम चालतो, कारण गिऱ्हाईक समोर उभे असते, साउंडबॉक्स रक्कम बोलतो आणि मग माल हातात दिला जातो. तोच कोड फोटो काढून वेबसाइटवर चिकटवला की यातले काहीच शिल्लक राहत नाही. उरतो तो ग्राहकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला स्क्रीनशॉट, म्हणजे एक चित्र, जे कोणालाही बनवता येते.

राजारामपुरीतील एका वहिनींचा चटणीचा घरगुती व्यवसाय आहे. मार्च ते मे हा त्यांचा हंगाम. पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली कोल्हापूरकर मंडळी वर्षाची चटणी याच दिवसांत मागवतात. पेमेंट गेटवेला, म्हणजे साइटवर ग्राहकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात वळते करणाऱ्या कंपनीच्या सेवेला, दोन टक्के कशाला द्यायचे, असे म्हणून घरातल्याच एका मुलाने त्यांच्या साइटवर क्यूआरचे चित्र लावून दिले होते. एक किलोच्या पाकिटाची किंमत सर्वांना सारखीच असल्यामुळे बँकेच्या उताऱ्यात एकाच रकमेच्या ओळींची रांग लागली. ऑर्डर सुनेच्या नावाने आणि पैसे सासऱ्यांच्या खात्यातून, असा प्रकार तर निम्म्या ठिकाणी होता.

त्यांनी मला बोलावले तेव्हा आम्ही प्रत्येक स्क्रीनशॉटवरचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक, उताऱ्याशी ताडून पाहायला बसलो. दोन वेगळ्या शहरांतील दोन ग्राहकांच्या स्क्रीनशॉटवर एकच क्रमांक निघाला. दुसऱ्यावर नाव आणि तारीख तेवढी बदललेली होती, आणि नीट पाहिल्यावर तारखेची अक्षरे बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित ठळक दिसत होती. तो माल केव्हाच कुरिअरने रवाना झाला होता. मला त्याहून वाईट वाटले ते दुसऱ्या एका नोंदीचे. एका वयस्कर गृहस्थांनी पैसे चोख भरले होते, परंतु त्यांना स्क्रीनशॉट काढून पाठवता आला नाही म्हणून त्यांची ऑर्डर पडून राहिली, आणि फोन केल्यावर त्यांच्याकडेच पुरावा मागितला गेला. लबाडाला चटणी पोहोचली आणि प्रामाणिक माणूस ताटकळत राहिला.

यावर माझा ठरलेला उपाय असा की पहिल्या दिवसापासून पेमेंट गेटवे घ्यावा. तेथे प्रत्येक ऑर्डरसाठी रक्कम भरलेला स्वतंत्र कोड किंवा दुवा तयार होतो आणि आलेले पैसे आपोआप त्या ऑर्डरसमोर नोंदले जातात. महिन्याला मोजक्याच ऑर्डरी असतील तर गेटवेच्याच खात्यातून प्रत्येक ग्राहकाला वेगळी पेमेंट लिंक पाठवावी. त्यासाठी वेबसाइटमध्ये काही जोडावेही लागत नाही. काही काळ क्यूआरवरच भागवायचे असेल, तर स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये तो यूटीआर क्रमांक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाकीट बांधू नये.

'यूपीआय फुकट आहे ना?'

१ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे बँकांकडून कापले जाणारे शुल्क, लागत नाही, हे खरे आहे. परंतु गेटवे कंपनी आपल्या सेवेचे शुल्क आकारू शकते, आणि क्रेडिट कार्डाला ही सवलत नाही. दोन टक्के दर धरला तर ५,००० रुपयांच्या ऑर्डरवर १०० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १८ रुपये, असे ११८ रुपये कापले जातात. हा आकडा किमतीत आधीच धरावा. पाव टक्का वाचवण्यासाठी गेटवे बदलत राहणाऱ्यांचा वेळ त्या पाव टक्क्याहून जास्त किमतीचा असतो, हे मी अनेकांना सांगून थकलो आहे. दर पाहण्यापेक्षा पैसे किती दिवसांत खात्यात वळते होतात, परतावा दिल्यास कापलेले शुल्क परत मिळते का, आणि अडचण आल्यावर फोन कोण उचलतो, ही चौकशी करावी.

'पेमेंट यशस्वी' या पानावर विसंबणे

ही माझ्या लेखी दुसरी मोठी चूक, आणि ती साइट बनवणारे करतात. ग्राहक पैसे भरण्यासाठी यूपीआय ॲपमध्ये जातो, पिन टाकतो आणि पुष्कळदा ब्राउझरकडे परत येतच नाही. फोन येतो, रेंज जाते, किंवा काम झाले असे समजून तो मोबाइल खिशात ठेवतो. साइट मात्र तो परत येऊन 'धन्यवाद' हे पान उघडेल याची वाट पाहत असते. पैसे आलेले आणि ऑर्डर 'प्रलंबित', अशी स्थिती यातून होते. वूकॉमर्स या ऑनलाइन दुकान चालवण्याच्या प्रणालीमध्ये मालाच्या साठ्याची नोंद चालू असेल तर मूळ सेटिंगनुसार पैसे न भरलेली ऑर्डर ६० मिनिटांनी रद्दही होते, म्हणजे पैसे भरलेल्या ग्राहकाची ऑर्डर रद्द झालेली दिसते. घाबरून तो पुन्हा पैसे भरतो.

यासाठी वेबहुक चालू हवा. गेटवेचा सर्व्हर थेट आपल्या सर्व्हरला पैसे आल्याचे कळवतो आणि ग्राहक कोठे आहे याच्याशी त्याचा संबंध राहत नाही. वेबहुक लावलेला असूनही निरोप पोहोचत नसेल, तर साइटला जोडलेला सुरक्षेचा छोटा प्रोग्राम (प्लगइन) तो अडवत आहे का आणि गुप्त की, म्हणजे गेटवे व साइट यांनी एकमेकांना ओळखण्याचा सांकेतिक शब्द, दोन्हीकडे जुळते का, हे आधी पाहावे. माझी सवय अशी आहे की साइट व्यावसायिकाच्या हवाली करण्यापूर्वी मी अकरा रुपयांची खरी खरेदी करतो, पिन टाकताच ब्राउझर बंद करतो आणि ऑर्डर आपणहून पुढे सरकते का ते पाहतो. नंतर तेच पैसे परत करून परतावा येईपर्यंत थांबतो. चाचणी मोडमध्ये सगळे हिरवे दिसले म्हणून काम संपले, असे मानणाऱ्यांशी माझे कधी जमले नाही.

पैसे कापले गेले पण ऑर्डर दिसत नाही अशी तक्रार आली, तर आधी गेटवेच्या डॅशबोर्डवर शोधावे. तेथेही नोंद नसेल तर ग्राहकाला धीर द्यावा: रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यापाऱ्यापर्यंत न पोहोचलेली यूपीआय रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत व्हायला हवी, आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

मुहूर्त ठरवून मग अर्ज करणे

घटस्थापनेला साइट सुरू करायची आणि गेटवेचा अर्ज चार दिवस आधी भरायचा, हे दरवर्षी घडते. पॅन, बँक खाते आणि व्यवसायाचे नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज परत येतो. साइटवर संपर्काचा पत्ता, अटी, गोपनीयता, माल पाठवण्याचे आणि परताव्याचे धोरण ही पाने नसतील तरी येतो. दुसऱ्याच्या साइटवरून धोरणाची पाने जशीच्या तशी उचलली की त्यात दुसऱ्याच गावाचा पत्ता राहतो, तोही मी पाहिला आहे. गेटवेला बँकेतील खाते लागते. पतसंस्थेतले खाते चालवून घ्या, असा हट्ट धरू नये. उद्यम नोंदणी आणि शॉप ॲक्टची कागदपत्रे जवळ ठेवून महिनाभर आधी अर्ज करावा.

थोडक्यात सांगण्यासारखे आणखी काही

गेटवेचे खाते साइट बनवणाऱ्याच्या ईमेलवर किंवा त्याच्या बँक खात्याला जोडून कधीही उघडू नये, मग तो कितीही घरोब्यातला असो. गुप्त की व्हॉट्सॲपवर पाठवू नये.

कार्डाचा क्रमांक मागणारा फॉर्म स्वतः बनवू नये. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्डाचा तपशील साठवून ठेवण्याची मुभा व्यापाऱ्यांना उरलेली नाही.

घरखर्चाच्या बचत खात्यावर विक्रीचे पैसे घेऊ नयेत. एखाद्या ग्राहकाने फसवणुकीतून आलेले पैसे आपल्याकडे भरले आणि तपासात खाते गोठले, तर वीजबिलापासून मुलांच्या फीपर्यंत सगळे अडते.

परदेशातून चपलांची मागणी येत असेल तर परदेशी कार्डे स्वीकारण्याची परवानगी गेटवेकडून वेगळी घ्यावी लागते, दरही जास्त असतो, आणि माल निर्यात करण्यासाठी आयईसी (आयात-निर्यात कोड) क्रमांक लागतो. अशा कार्डांवर ओटीपी विचारला जाईलच असे नसल्याने कार्डधारकाने नंतर व्यवहार नाकारण्याचा धोका असतो. म्हणून कुरिअरची पोच आणि ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार मी निदान सहा महिने जपून ठेवायला सांगतो.