घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या कशा लावायच्या (आधी पिशवी उलटी करा)

आमच्या आईच्या गोळ्या एका कापडी पिशवीत असतात. बीपीचे डॉक्टर सांगलीत, गुडघ्याचे मिरजेत, आणि ताप-खोकल्याला तासगावातले नेहमीचे. गेल्या पावसाळ्यात तिचे पाय सुजायला लागले, घोट्यापाशी बोट दाबलं की खड्डा राहायचा, उठताना चक्कर, आणि आम्ही सगळे म्हणतोय वय झालं आता. शेवटी पिशवी उलटी केली तेव्हा कळलं की एकच औषध ती दोन नावांनी घेत होती. एका पट्टीत अमलोडिपिन ५, दुसरीत टेल्मिसार्टन ४० आणि त्यातच अमलोडिपिन ५. झाले की दिवसाला १० मिलिग्रॅम, म्हणजे त्या औषधाची कमाल मात्रा, आणि पाय सुजणं हा त्याचा नेहमीचाच साइड इफेक्ट. दुसऱ्या डॉक्टरांना तिने सांगितलं होतं, "बीपीची एक पांढरी गोळी चालू हाय." पांढऱ्या गोळ्या काय कमी असतात का!

तर पहिलं काम, दिवसाउजेडी पेपर पसरा आणि सगळं त्यावर ओता. डोळ्याचे ड्रॉप, काढे, चूर्ण, शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळी, सगळं.

मग प्रत्येक पट्टी वाचा. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं, ते सोडा. त्याच्या खाली किंवा पाठीमागे बारीक अक्षरात कंटेंट, म्हणजे आतलं मूळ औषध असतं, तेच खरं. दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा. कंटेंट आणि मिलिग्रॅम वहीत लिहा, आणि तोच शब्द परत आला की गोल करा. पॅरासिटामॉल तर सर्दीच्या गोळीत, अंगदुखीच्या गोळीत, सगळीकडे लपलेलं असतं. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसात ४ ग्रॅमच्या वर ते जाता कामा नये, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या, आणि लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज पिणारा असेल तर त्याहून कमी, किती ते डॉक्टरांना विचारून.

गोल सापडला म्हणून मनानेच गोळी बंद करू नका. डॉक्टरांना फोन करा. मेटोप्रोलॉलसारखी बीपीची गोळी एकदम सोडली तर हृदयावर येऊ शकतं.

पुढे चार्ट. चिठ्ठीवर १-०-१ म्हणजे सकाळ-संध्याकाळ, एसओएस म्हणजे लागलीच तर. थायरॉईडची गोळी अनशापोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर, नाहीतर पोट बिघडतं. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. आणि पट्टीवर एसआर किंवा ईआर लिहिलं असेल तर ती गोळी कुटून पाण्यात द्यायची नाही, हळूहळू विरघळायची ती एकदम अंगात उतरते.

उपासाचं वेगळं बोलते. आमच्याकडे संकष्टी म्हणजे चंद्र दिसेपर्यंत काही नाही, आणि शुगरची ग्लिमेपिराइड मात्र सकाळीच घेऊन मोकळं. मग दुपारी घाम, हातपाय थरथर, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी शुगर परत बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा. उपासाच्या दिवशी त्या गोळीचं काय करायचं हे आदल्या भेटीतच विचारून ठेवा, गणपती काही रागवत नाही.

दुखण्याच्या गोळीबद्दल मी जरा कडक आहे. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, जोडीला लघवीची गोळी, आणि वर डायक्लोफिनॅक, हे तीन एकत्र आले की किडनीवर ताण येतो. ऊस लागणीच्या दिवसात कंबर धरली की मेडिकलमधून "एक दुखण्याची द्या" म्हणून आणणारे आमच्या गावात घरटी एक आहे. मेडिकलवाल्या दादाला निदान बीपीची पट्टी तरी दाखवा.

रामिप्रिल या बीपीच्या गोळीने काहींना कोरडा खोकला लागतो, तो सिरपने जात नाही, तेव्हा डॉक्टरांना सांगितलं की ते गोळी बदलून देतात. पण ओठ, चेहरा सुजला, श्वास अडकला तर वाट बघायची नाही, तेव्हाही १०८.

मध्यंतरी व्हॉट्सअपवर आलं की कोलेस्टेरॉलच्या गोळीवर द्राक्षं चालत नाहीत. तासगावात हे पाठवणं म्हणजे कमालच. अहो ते ग्रेपफ्रूट, पपनसाच्या जातीचं आंबट फळ. द्राक्षाचा अॅटोरव्हास्टॅटिनशी काही वाकडेपणा नाही, शुगर असेल तर घड मोजून खा इतकंच.

आता ठेवायचं. इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, २ ते ८ डिग्रीत, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठली तर टाकूनच द्यायची. बाकी गोळ्या टीव्हीवर किंवा चुलीशेजारी नकोत, आपल्याकडचा एप्रिल माहितीये ना. पट्टी कापताना एक्स्पायरी छापलेलं टोक शेवटपर्यंत ठेवा, आणि मेडिकलने चारच गोळ्या कापून दिल्या तर उरलेल्या पट्टीवरची तारीख आणि कंटेंट तिथेच उभं राहून लिहून घ्या.

आईचा चार्ट कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, फोटो आम्हा तिघा भावंडांच्या मोबाईलमध्ये. पायाची सूज डॉक्टरांनी गोळी बदलल्यावर पंधरा दिवसांत उतरली. आता मिरजेला जाताना ती पिशवी नेते आणि आत बसल्या बसल्या टेबलावर उलटी करते, डॉक्टर काही बोलायच्या आधीच.